चालत येणारा ड्रायव्हर

सुपडू महाजनांना सरकार गाडी चालवण्याचा पगार देत होतं, आणि ते स्वतः कामावर पायी येत होते.

आमचं ऑफिस सरकारी. कोणत्या खात्याचं ते सांगत नाही, कारण गोष्ट खात्याची नाही. बुऱ्हाणपूरच्या जुन्या शहरातून बाहेर पडून लालबागच्या दिशेने गेलं की एका फाट्यावर ते आहे. सुपडूभाऊंचं घर लोधीपुऱ्यात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मधलं अंतर पाच किलोमीटरला थोडंसं कमी. बाकीचे दोन ड्रायव्हर मोटरसायकलवर यायचे, शिपाई यायचा, आम्ही बाबू लोक, म्हणजे कारकून, तर यायचोच. सुपडूभाऊ मात्र पांढरा शर्ट, खाकी पँट, पायात कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला डब्याची पिशवी अशा थाटात गेटमधून आत यायचे. जीपचं दार उघडून सीटखालचे काळे बूट काढायचे, कॅनव्हासचे तिथे ठेवायचे. चालायचे बूट वेगळे आणि गाडीचे वेगळे. बूट बदलले की माणूसही बदलायचा. मग ते ड्रायव्हर.

मी आस्थापना शाखेत. रावेरची मुलगी, लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आले, आणि योगायोगाने घर मिळालं ते लोधीपुऱ्यातच, सुपडूभाऊंच्या पुढच्या गल्लीत. त्यामुळे रोज सकाळी माझी स्कूटी त्यांना कुठेतरी ओलांडून पुढे जायची. पहिल्या महिन्यात मी दोनदा थांबून विचारलं, "बसता का भाऊ?"

"नाही ताई, तुम्ही व्हा पुढं. मी येतोच."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "ताई, मी थकलो म्हणून पायी नाही चालत. मले चालायचंय म्हणून चालतो. तुम्ही थांबता, मग मले थांबावं लागते." रागाने नाही, पण अगदी स्पष्ट. त्यानंतर मी नुसती मान हलवून पुढे जायला लागले.

ऑफिसात त्यांच्या चालण्याची थट्टा व्हायची. कुणी म्हणे डोक्यात काहीतरी आहे, कुणी म्हणे नवस आहे. दुसरा ड्रायव्हर सतीश तीस-बत्तीस वर्षांचा, पण कमरेला पट्टा बांधून जीपमध्ये चढायचा. तो एकदा म्हणाला, "भाऊ, दिवसभर गाडीच चालवायची आहे. मग सकाळी पाय कशाला झिजवायचे?"

सुपडूभाऊ टायर बदलत होते. साठीकडे झुकलेला माणूस, पण स्पेअर टायर एकट्याने उचलून बसवत होता. मान वर न करता म्हणाले, "तू ये इकडं, हे दोन नट लाव." सतीशला वाकता येईना. थट्टा तेवढ्यापुरती थांबली.

ड्रायव्हर लोकांची दरवर्षी डोळ्यांची आणि बाकीची तपासणी व्हायची. एका वर्षी त्यांचे कागद जमा करायला मीच सोबत गेले होते. डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा मोजला, कागदावरचं वय पुन्हा वाचलं आणि विचारलं, "गोळी कोणती घेता?"

"रोज दोन. एक सकाळी, एक संध्याकाळी."

"नाव काय गोळीचं?"

"लोधीपुरा ते ऑफिस."

डॉक्टर आधी गोंधळले, मग हसत सुटले. हे सुपडूभाऊंनी चमकायला म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांचा तसा विश्वासच होता.

पण तब्येत हे त्यांच्या चालण्यातलं सगळ्यात लहान काम, हे मला नंतर कळलं. माझी स्कूटी एकदा गॅरेजमध्ये गेली आणि तिथे दहा-बारा दिवस राहिली. पहिल्या दिवशी रिक्षा केली. दुसऱ्या दिवशी रिक्षा मिळेना म्हणून चालायला लागले, तर गांधी चौकाच्या अलीकडे सुपडूभाऊ गाठ पडले. मी त्यांच्यासोबत निघाले. पहिले दोन दिवस पिंडऱ्या इतक्या भरून आल्या की ऑफिसात जिना चढताना कठडा धरावा लागला. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, उद्यापासून रिक्षाच. ते म्हणाले, "उद्याचा दिवस चला. मंग सोडा." चौथ्या दिवशी पाय खरंच दुखले नाहीत.

त्या दिवसांत मी पाहिलं, हा माणूस चालतो म्हणजे काय करतो. वाटेतल्या प्रत्येकाशी बोलायचे नाहीत. पण कुणाचं दार अजून उघडलं नाही, कुठल्या नळाला आज पाणी आलं नाही, कुठल्या गल्लीच्या तोंडाशी नवा खड्डा पडला, सगळं त्यांच्या नजरेतून जायचं. वाटेतल्या शनवारा चौकाजवळ एक शाळा होती. ती सुटायची वेळ त्यांना पाठ. दुपारी जीप घेऊन निघाले आणि ती वेळ असली की पोरं दिसायच्या आधीच गाडीचा वेग उतरलेला असायचा. त्यांनी हॉर्न वाजवलेला मी फारसा ऐकला नाही. म्हणायचे, "हॉर्न कायले वाजवायचा? मले माहीत आहे ना तिथून कोण निघणार."

आणि माझ्यापुरतं सांगायचं तर वेगळंच घडलं. तेव्हा घरी माझं आणि सासूबाईंचं रोज सकाळी काहीतरी वाजायचं. स्कूटीवर बसून मी दहा-बारा मिनिटांत ऑफिसात पोचायची, आणि ते भांडण तसंच गरम माझ्या टेबलावर यायचं. मग शिपायावर ओरड, फाईल आपट. चालायला लागल्यावर भांडण गांधी चौकापर्यंत माझ्याबरोबर यायचं, शनवाऱ्याला त्यातला जोर जायचा, आणि ऑफिसच्या गेटशी पोचेपर्यंत मला सासूबाईंचंही थोडं बरोबर वाटायला लागायचं. संध्याकाळी ऑफिसचं ओझंही असंच वाटेत सांडून घरी जायची. स्कूटी दुरुस्त होऊन आली तेव्हा मी ती नवऱ्याला देऊन टाकली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "काय ओ, नोकरीवाली बाई पायी?" मी हसून पुढे गेले. तोवर मलाही चालताना कुणी थांबवलेलं आवडेनासं झालं होतं.

मग आमच्याकडे नवे साहेब आले. उज्जैनकडचे, हिंदी बोलणारे, कामाला चोख, पण तुटक. त्यांना लालबागच्या बाजूच्या नव्या वसाहतीत बंगला मिळाला होता. बायको आणि म्हातारे वडील सोबत. आल्या आठवड्यातच त्यांनी सुपडूभाऊंना आत बोलावलं. मी सह्यांचे कागद घेऊन तिथेच उभी होते.

"महाजनजी, जीप रात को अपने घर ले जाया कीजिए. सुबह सीधे मेरे बंगले पर आ जाइए. आपका भी एक घंटा बचेगा."

दुसरा कुणी असता तर हात जोडले असते. सरकारी जीप रात्री दारात उभी राहणं म्हणजे गल्लीत केवढा मान. सुपडूभाऊ म्हणाले, "साहेब, तुमी म्हणाल त्या वेळेला जीप बंगल्यावर येईल. नऊला सांगा, आठला सांगा. पण गाडी ऑफिसातून निघेल. मी घरून ऑफिसला पायीच येईन."

"क्यों?"

"तो घंटा मले वाचवायचा नाही, साहेब."

साहेबांना ते उद्धट वाटलं. खरं तर कुणालाही वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून सुपडूभाऊ घरून तासभर आधी निघायला लागले. जीप ठरल्या वेळेला, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, बंगल्याच्या दारात. पण साहेबांच्या मनात गाठ बसली होती. आपला शब्द ड्रायव्हरने परत केला ही. दोन महिन्यांनी त्यांनी मला सांगितलं, महाजनांना धूलकोटच्या कार्यालयात पाठवण्याचा आदेश टाइप करा. धूलकोट म्हणजे बसचा लांबचा प्रवास. निवृत्तीला जेमतेम दोन वर्षं राहिलेला माणूस, घरी आजारी बायको. मी आदेश टाइप केला. बाबूचं काम तेच. पण ते करताना दोनदा चुकलं आणि दोनदा कागद बदलला. दुपारी जेवणाआधी तो सहीसाठी साहेबांच्या टेबलावर ठेवला.

तो तिथेच पडून होता, तेवढ्यात बंगल्यावरून फोन आला. साहेबांचे वडील सापडत नव्हते.

बाबूजींना विसरायला व्हायचं, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सकाळी दहाच्या सुमारास ते अंगणात बसले होते. सूनबाईंना वाटलं मागच्या खोलीत झोपले. बारा वाजता पाहिलं तर फाटक उघडं. साहेबांचा चेहरा असा उतरला की त्यांच्यावरचा माझा सगळा राग तिथल्या तिथे गेला. दोन गाड्या निघाल्या. एक सतीशची, स्टेशनच्या दिशेने. दुसरी सुपडूभाऊंची. तिच्यात साहेब पुढे आणि आणखी दोन डोळे असावेत म्हणून मी मागे.

आम्ही वसाहतीला तीन चकरा मारल्या. मोठ्या रस्त्याने शनवाऱ्यापर्यंत जाऊन आलो. साहेब सतत फोनवर. मार्चचं ऊन तापायला लागलेलं, काचा वर, एसी चालू. चौथी चक्कर सुरू झाली आणि सुपडूभाऊंनी बंगल्याच्या फाटकाशी गाडी बाजूला घेऊन बंद केली.

"क्या हुआ? रुके क्यों?"

"उतरा साहेब."

"महाजन, ये टाइम है—"

"साहेब, बाबूजी पायी गेलेत. पायी गेलेला माणूस गाडीतून नाही दिसत. उतरा. मी सोबत आहे."

ते 'मी सोबत आहे' त्यांनी अशा आवाजात म्हटलं, की साहेब मुकाट्याने उतरले.

सुपडूभाऊ फाटकात जाऊन उभे राहिले, जिथे बाबूजी उभे राहिले असतील तिथे. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. म्हणाले, "दहा वाजता ऊन या बाजूने. म्हातारा माणूस उन्हात नाही चालत. सावली पकडतो." आणि ते उजवीकडे, भिंतीच्या बाजूने निघाले. आम्ही मागे. कोपऱ्यावर पंक्चरवाला बसला होता. त्याच्यासमोरून आमची जीप तीनदा गेली होती.

"भाऊ, म्हातारे बाबा, पांढरा लेंगा, डोक्याला गमछा?"

"हाओ, गेले ना ते. माझ्याकडून पाणी प्यायले. विचारत होते, मशीन कुठं चालते."

"कोणती मशीन?" साहेबांनी विचारलं.

"ते नाही सांगितलं. म्हणे, आवाज येतो ना, ती."

सुपडूभाऊंनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. मग मलाही ऐकू आलं. पलीकडच्या वस्तीतून येणारी खटखट, खटखट. पॉवरलूमची. बुऱ्हाणपुरात राहणाऱ्याला हा आवाज इतका अंगवळणी पडलेला असतो की तो ऐकू येत नाही, आणि बंद काचांच्या गाडीत तर नाहीच नाही. मी साहेबांकडे पाहिलं. ते एकदम थांबले होते. मग ते सुपडूभाऊंच्याही पुढे, जवळजवळ पळत निघाले.

तिसऱ्या शेडमध्ये बाबूजी सापडले. पत्र्याची शेड, आत सहा माग, कानठळ्या बसवणारा आवाज. त्यातला एक माग बंद होता. त्याच्यासमोरच्या फळीवर बाबूजी बसले होते. चष्मा नव्हता. तुटलेले धागे एकेक उचलून ते बोटाच्या टोकांनी गाठ मारत होते, इतक्या चटचट की नजर पुरेना. बाजूला त्या मागाचा विणकर कमरेवर हात ठेवून उभा होता. आम्हाला पाहून म्हणाला, "आपके हैं क्या साब? मेरेको हटाके खुद बैठ गए. बोले, गाँठ ऐसे नहीं बाँधते. उस्ताद आदमी है. मैंने भी चाय पिला दी."

साहेब दारातच उभे राहिले. मग कुणाकडेही न पाहता म्हणाले, "बाबूजी मिल में बुनकर थे. तीस साल. मैंने यहाँ किसी को बताया नहीं."

ते आत गेले, वडिलांसमोर गुडघे टेकून बसले. बाबूजींनी मान वर केली. ओळख पटली नव्हती, पण चेहरा खुलला.

"आ गए? मेरी पाली खतम हुई?"

साहेबांनी त्यांच्या बोटांतला धागा हळूच सोडवला. "हाँ बाबूजी. आपकी पाली खतम. चलिए, घर चलें."

"पैदल?"

"पैदल."

सुपडूभाऊ जीप आणायला वळलेच नाहीत. साहेब आणि बाबूजी पुढे, हात धरून, सावलीच्या बाजूने. आम्ही दोघं बऱ्याच मागून. साहेबांच्या गुडघ्यांना शेडमधला कापूस चिकटला होता. तो त्यांनी झटकला नाही.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी सुपडूभाऊंना विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं? गांधी चौक मागे पडल्यावर ते सांगायला लागले.

नोकरी लागली तेव्हा त्यांनी हौसेने मोटरसायकल घेतली होती. पहिली दोन वर्षं तिच्यावरच यायचे. एका सकाळी उशीर झाला म्हणून सुसाट निघाले. त्यांचे वडील भाजी आणायला बाहेर पडले होते. वाटेत घेरी आली म्हणून एका ओट्यावर टेकले. मुलाची गाडी समोरून येताना दिसली, तेव्हा त्यांनी हात केला. मुलगा दोन हातांच्या अंतरावरून निघून गेला. शेवटी एका हातगाडीवाल्याने त्यांना घरी आणून सोडलं.

"मग वाचले ते?"

"वाचले ना. चांगले सहा वर्षं जगले. रागावले पण नाहीत. संध्याकाळी हसत बोलले, तुझी गाडी फार चांगली पळते रे सुपडू." त्यांनी खांद्यावरची पिशवी सारखी केली. "त्याच हप्त्यात गाडी मेव्हण्याले देऊन टाकली. नोकरीत चालवावी लागते, ती चालवतो. पण सकाळी माझ्या गावातून मी माझ्या पायाने जातो. कोण बसलंय, कोण उभं आहे, दिसलं पाहिजे ताई."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं आणि तो आदेश परत दिला. सही नव्हती. "इसकी ज़रूरत नहीं है," म्हणाले. मी बाहेर येऊन तो फाडला, तेव्हा माझे हात हलके झाल्यासारखे वाटले. साहेब त्यानंतर रोज पायी यायला लागले, असं मी म्हणणार नाही. साहेब ते साहेबच. पण आठवड्यातून दोन दिवस ते जीप नाकारायचे आणि बाबूजींना घेऊन त्या शेडपर्यंत चालत जायचे. विणकराने बाबूजींसाठी एक स्टूल ठेवलं होतं. ऑफिसातही साहेबांच्या बोलण्यातला तुटकपणा कमी झाला. मिटिंगमध्ये एकदा त्यांनी स्वतःहून सांगितलं, "मैं बुनकर का बेटा हूँ," आणि पुढचा विषय घेतला.

सुपडूभाऊ निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, हे आता हार घालून पायी घरी जाणार. आमच्याकडे निवृत्त माणसाला सजवलेल्या जीपमधून घरी सोडायची पद्धत आहे. मी हळूच विचारलं, "कसं करायचं भाऊ?"

"जीपनेच जाऊ ना! बायकोने गल्लीतल्या बायकांना सांगून ठेवलंय. ती दारात उभी राहणार आहे."

साहेब म्हणाले, आज गाडी मी चालवणार. सुपडूभाऊ आयुष्यात पहिल्यांदा त्या जीपच्या मागच्या सीटवर बसले, गळ्यात झेंडूचे हार, शेजारी मी आणि मिठाईचं खोकं. साहेबांचा हात फारसा सराईत नव्हता. शनवाऱ्यापर्यंत सुपडूभाऊ मागे बसून दर वळणाला पायाने ब्रेक दाबत होते. शेवटी राहवलं नाही. "साहेब, थर्ड घाला. घाला थर्ड. गाडी रडते." साहेब इतके हसले की गाडी बंदच पडली, भर चौकात. मागे हॉर्नचा गोंगाट. सुपडूभाऊंनी खिडकीतून हात काढून मागच्यांना शांतपणे थांबायला सांगितलं. घरी पोचलो तेव्हा त्यांची बायको, आजारातून उठलेली, नवं लुगडं नेसून दारात उभी होती. तिने आधी जीपला ओवाळलं, मग नवऱ्याला.

मधे दीडेक वर्ष गेलं. आम्ही लोधीपुरा सोडून दुसरीकडे राहायला गेलो, त्यामुळे गल्लीत त्यांची भेट होईना. मागच्या हिवाळ्यात एका कामासाठी मी तापीकाठच्या केळीच्या मळ्यांकडे गेले होते. सकाळचे पावणेनऊ झाले असतील. धुकं नुकतंच उठलेलं, दोन्ही बाजूंना केळी, मधून मातीचा रस्ता. समोरून तोच पांढरा शर्ट, तेच कॅनव्हासचे बूट. केस जास्त पांढरे झालेले, चाल तीच.

"अरे, सुपडूभाऊ! इकडे कुठे?"

"कामावर." त्यांनी पुढे हात केला. रस्त्याच्या टोकाला केळीच्या रोपांची नर्सरी होती, हिरव्या जाळीचे मांडव दिसत होते. "तिथं रोपांवर लक्ष ठेवतो. कामावरच्या पोरींना पाणी सोडायचं सांगतो. दुपारपर्यंतच."

"आता कशाला काम करता? आराम करायचा की."

"काम कुठं मोठं आहे ताई. पण सकाळी उठून माणसाला पायी जायला कुठंतरी पाहिजे ना. नुसतं फिरायला मले नाही जमत. वाट पाहणारं कुणी असलं की पाय आपोआप उचलतात."

मग त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमचं चालू आहे ना?"

मी म्हटलं, चालू आहे. नवीन घरापासून ऑफिस जवळ पडतं, म्हणून मुद्दाम लांबच्या रस्त्याने जाते.

"शाबास," ते म्हणाले आणि त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चला, येतो. नऊला फाटक उघडावं लागते."

आणि निघाले. केळीची पानं रस्त्यावर झुकली होती. ती हाताने बाजूला करत, कुठल्या झाडाला घड लागलाय, कुठलं पान पिवळं पडलंय ते एकेक पाहत, ते त्यांच्या त्याच चालीने पुढे गेले. वळणावर एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन येत होती. तिला वाट द्यायला ते बांधावर चढले, ती पुढे जाईपर्यंत थांबले, तिला काहीतरी विचारलं, आणि तिचं उत्तर ऐकून घेऊन पुन्हा चालायला लागले.